धुगधुगी

लग्नाच्या पंगतीला शेजारी बसलेल्या बाई वरणभात कालवता कालवता विचारतात, "आपण काय करता?" मी सांगते, विद्यापीठात शिकवीत होते, इस्पितळांचा अभ्यास केला. त्यासरशी त्यांचा चेहरा उजळतो आणि मठ्ठा येईपर्यंत त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचा सगळा इतिहास मला कळलेला असतो. मग केव्हातरी सांगावे लागते की मी ती डॉक्टर नव्हे. माझ्या नावामागे 'डॉ.' लागते ते समाजशास्त्राच्या प्रबंधामुळे. "मग इस्पितळात जाऊन तुम्ही करता काय?" "बसते, बघते आणि लिहून घेते." यावर त्या बाईंच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो मी गेली चाळीस वर्षे पाहत आले आहे. माझ्या आईच्या चेहऱ्यावरही तोच असे. "माणसं तिथं मरतायत आणि ही वही घेऊन बसते," असे ती शेजारणींना सांगे. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

आम्ही मिरजेचे. बाहेरगावचा माणूस मिरजेच्या स्टेशनवर उतरला की तो एक तर तंबोरा घ्यायला आलेला असतो नाहीतर पोट दाखवायला, असे माझे वडील म्हणत. तेव्हा इस्पितळाचा वास मला लहानपणापासून परका नव्हता. पण तो आपल्या पोटापाण्याचा विषय होईल असे काही वाटले नव्हते. १९८२ साली मी मुंबईत प्रबंधासाठी विषय शोधीत होते. माझ्या सरांनी 'परिचारिकांवरील मानसिक ताण' हा विषय सुचवला आणि एका मोठ्या सार्वजनिक इस्पितळात जाण्याची परवानगीही मिळवून दिली. आदल्याच वर्षी अमेरिकेत क्रिस्टिना मास्लाक या बाईंनी एका सहकारी बाईंबरोबर, कामाने विझून जाणाऱ्या माणसांचे विझणे मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली होती. सरांच्या कुणा मित्राने ती तिकडून आणली. मी तिचे मराठी केले, त्याच्या प्रती काढल्या, आणि नव्या कोऱ्या चपला घालून इस्पितळात दाखल झाले.

पहिल्याच दिवशी दुपारच्या पाळीच्या एका सिस्टरने तो कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "ताण म्हणजे काय हो बाई?" मी समजावून सांगू लागले. ती म्हणाली, "तसं होय! माझे पाय भरून येतात. डोकं उठतं. घरी गेल्यावर पोरांनी नुसतं 'आई' म्हटलं तरी कावून जायला होतं. पण ताण म्हणाल तर तो काही नाही." प्रश्नावलीत, रुग्ण आपल्याला माणूस न वाटता वस्तू वाटू लागला आहे का, अशा अर्थाचा एक प्रश्न होता. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "आणि हे काय विचारताय? माणूस वाटतच राहिला तर सुई टोचायची कशी?" एवढे बोलून ती सात नंबरची सलाईन बदलायला गेली. माझ्या कोष्टकात या उत्तरासाठी घर नव्हते. उत्तर मात्र डोक्यात राहिले.

पुढे वाचता वाचता इझाबेल मेंझिस या मानसविश्लेषक बाईंचा एक जुना निबंध हाती लागला. १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या एका इस्पितळाने त्यांना बोलावले होते. शिकाऊ परिचारिका तेव्हा शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या. बाईंना दिसले ते असे, की इस्पितळाची सगळी शिस्तच भीतीवरचा उतारा म्हणून रचलेली आहे. एका रुग्णाचे सारे एकाच मुलीने करायचे नाही. एकीने सगळ्यांचा ताप पाहायचा, दुसरीने सगळ्यांची अंथरुणे बदलायची. म्हणजे कुणातच जीव गुंतायला नको. रुग्णाला नावाने ओळखायचे नाही. खाटेच्या आकड्याने, नाहीतर त्याचा जो अवयव बिघडला असेल त्या अवयवाने ओळखायचे. उतारा असा होता की भीती काही जात नसे, कामातला आनंद तेवढा जाई. आणि ज्या मुलींना खरोखर माया होती त्याच आधी निघून जात. मी माझ्या वह्या काढून पाहिल्या. लंडनपासून इतक्या दूर, इतक्या वर्षांनी, मराठीत पानोपानी तेच होते: 'दहा नंबरचं लिव्हर', 'खिडकीजवळची किडनी'. तेव्हा मला ती बोलण्याची एक लकब वाटली. माणसाच्या आधी त्याचा अवयव दिसावा, ही गोष्ट पुढे कायदेशीर आणि पुण्याची ठरणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

प्रबंध झाला, पदवी मिळाली, शिकवायला लागले. १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. १९९५ च्या फेब्रुवारीत तो ज्या पहिल्या तीन राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. तिसरे हिमाचल प्रदेश. त्याआधी मूत्रपिंडांची जवळजवळ उघड विक्री चाले. ती बंद करणे हा कायद्याचा एक हेतू होता. पण माझ्या दृष्टीने त्यातला मोठा भाग दुसराच. मेंदूचा देठ, ज्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, तो कायमचा निकामी झाला की माणूस मेला, मग त्याचे हृदय चालू का असेना, असे आपल्या देशात पहिल्यांदा कायद्याने म्हटले. चार डॉक्टरांनी तपासायचे. किमान सहा तासांनी पुन्हा तपासायचे. आणि ज्यांना ते अवयव दुसऱ्याच्या शरीरात बसवायचे आहेत त्यांच्यापैकी एकानेही या चौघांत असायचे नाही. कायदा करणाऱ्यांनी भल्या-बुऱ्याचा विचार नीट केलेला होता. एक गोष्ट मात्र कायद्यात मावण्यासारखी नव्हती. त्या सहा तासांत त्या माणसापाशी बसायचे कुणी, आणि त्याला काय समजून बसायचे?

असा मृत्यू पूर्वी नव्हताच. तो यंत्राबरोबर आला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना जगवायला पुरेशी यंत्रे नव्हती. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात नळी घालून रबरी पिशवीने श्वास द्यायची युक्ती काढली, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने ती पिशवी दाबीत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तिथला म्हणतात. ही गोष्ट मी वर्गात सांगत असे तेव्हा मुले भारावून जात. मला मात्र आपल्याकडचे व्हरांडे आठवत. यंत्र मोकळे नाही म्हणून कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा, कुणाची बायको खाटेशी उभी राहून ती पिशवी दाबते आहे, हात भरून आला की दुसऱ्याच्या हाती देते आहे, हे दृश्य आपल्या सार्वजनिक इस्पितळांत मी किती वेळा पाहिले त्याची गणती नाही. आपल्या मुठीतून ज्याला श्वास दिला, त्याला तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार की तो कालच गेला?

वैद्यकाने हे कोडे सोडवले तेही घाईघाईनेच. १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊनला बार्नार्डनी पहिले हृदय बसवले. दोनच महिन्यांनी, १९६८ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या केईएम इस्पितळात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आपल्याकडचे पहिले; रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर ऑगस्टात हार्वर्डच्या समितीने मेंदूचा मृत्यू कशाला म्हणावे ते ठरवून दिले. म्हणजे शस्त्रक्रिया आधी आणि व्याख्या मागाहून. आपल्या कायद्याला आणखी सव्वीस वर्षे लागली.

आणि भाषेला? भाषा अजून तिथे पोचलेलीच नाही. मराठीत मरणाला शब्दांची ददात नाही, पण ते सगळे श्वासाभोवती फिरतात. घरघर लागली, ऊर्ध्व लागला, प्राण कंठाशी आला, अखेरचा श्वास घेतला. आणि धुगधुगी! कोकणातली एक म्हातारी, नातवाच्या छातीवर हात ठेवून, मघाशीच सारे समजावून गेलेल्या डॉक्टरांच्या पाठीकडे पाहत म्हणाली होती, "धुगधुगी हाय की अजून." तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटली नसती. छाती वरखाली होत होती, हात ऊन होते, दाढी वाढत होती. 'धुगधुगी आहे तोवर आशा आहे' असे शेकडो वर्षे आपण एकमेकांना सांगत आलो. आता कायदा म्हणतो, धुगधुगी आहे पण माणूस नाही. कायद्याचे बरोबर आहे. मी त्यावर पुष्कळ वाचले आहे, मेंदूचा देठ गेला की परत येत नाही याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण खरे असणे आणि पटणे यांच्यामध्ये जी जागा असते तिथे खुर्ची टाकून मी पंधरा-वीस वर्षे बसले, एवढेच.

त्या जागेत माझ्याशिवाय आणखी कोण असते, तर परिचारिका. बाहेर लोकांची कल्पना अशी असते की मृत ठरवलेल्या माणसाचे काम आता हलके झाले. ते वाढते. मेंदू गेला की शरीर आपली उष्णता सांभाळीत नाही, म्हणून त्याला पांघरुणांनी ऊब द्यायची. लघवीवरचा ताबा सुटून लिटरच्या लिटर पाणी जाते, ते मोजून पुन्हा आत भरायचे. रक्तदाब घसरतो, तो औषधांनी धरून ठेवायचा. डोळे उघडे राहून सुकतात, त्यांत थेंब घालायचे. कधी कधी पाठीच्या कण्यातून उगीच एखादी कळ निघते आणि हात किंचित उचलला जातो. तो देठाचा नव्हे, कण्याचा खेळ, पुस्तकात आहे. पण नेमकी त्याच वेळी आई दाराशी उभी असेल तर पुस्तक कुणी उघडायचे?

एकदा रात्रपाळीला मी एका मध्यमवयीन सिस्टरजवळ बसले होते. मोटारसायकलवरून पडलेला मुलगा, विशीतला. पहिली तपासणी झाली होती, दुसरीला अवकाश होता. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचे असे. ती प्रत्येक वेळी म्हणे, "दादा, वळवते हं. झालं, झालं." पहाटे दुसरी तपासणी झाली. कागदावर वेळ पडली. थोड्या वेळाने ती पुन्हा उठली, त्याच्या खांद्याखाली हात घातला, आणि काही न बोलता त्याला वळवले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता काय बोलायचं, ते लिवलंय का कुठं?"

त्या रात्रीनंतर मी माझी ती पाच पर्यायांची प्रश्नावली कपाटात टाकली आणि एकच प्रश्न विचारू लागले: तुम्ही त्याच्याशी बोलणे केव्हा थांबवता? या प्रश्नाला कुणी 'ताण म्हणजे काय' असे उलट विचारले नाही. कुणी म्हणे, दुसरी तपासणी झाली की. कुणी म्हणे, पहिलीलाच. नंतर बोलले की माझेच हात कापतात. केरळातून आलेली एक तरुण सिस्टर म्हणाली, मी मल्याळममध्ये बोलत राहते, इथे कुणाला कळत नाही. शस्त्रक्रियागृहातल्या एका सिस्टरने सांगितले ते मी इथे थोडक्यात लिहिते, सणासुदीचे दिवस आहेत. ती म्हणाली, "एकेक चमू येतो, आपापली पेटी घेऊन धावत जातो. त्यांची घाई खरीच असते, हृदयाला चार-सहा तासांच्या आत दुसरीकडे लागायचं असतं. शिवायचं काम झालं की डॉक्टरही जातात. भूलवाले डॉक्टर तर यंत्र बंद करून त्याआधीच गेलेले असतात, त्यांना कुणाला जागं करायचं नसतं. मग खोलीत मी, मावशी आणि तो. मावशी त्याला पुसताना म्हणते, 'बाळा, लई जनांचं भलं केलंस.' मी गप्प असते. मला बोलायला मावशी असते म्हणून बरं." वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी मोकळ्या केलेल्या रस्त्याचे आणि धावत्या रुग्णवाहिकेचे छायाचित्र येते. ते यावेच. त्या खोलीचे कुठून येणार?

नातलगांची अडचण आणखी वेगळी. साताऱ्याकडच्या एका कुटुंबाने होकार दिला, सह्या झाल्या, अपघात म्हणून पोलिसांचा पंचनामा झाला, आणि सगळे आटोपल्यावर चुलत्यांनी विचारले, "तिथी कंची धरायची?" पहिली तपासणी एका तिथीला, दुसरी दुसरीला, देह हाती आला तो तिसरा दिवस. समाजसेवा अधीक्षकाने प्रमाणपत्रावरची वेळ सांगितली. चुलते म्हणाले, "ती सरकारची. आमची कंची?" मग त्यांनी आपापसांत ठरवले, की आईने त्याला शेवटचे पाहून बाहेर येऊन बांगड्या उतरवल्या, ती वेळ.

या समाजसेवा अधीक्षकांविषयी मला सगळ्यांत जास्त लिहायचे आहे, आणि त्यांच्याविषयीच कुणी लिहीत नाही. अवयवदानाच्या प्रत्येक भाषणात दधीची येतो. माझा दधीचीवर राग नाही. पण त्या कथेत देव त्याच्याकडे गेले, त्याला तोंडावर विचारले, आणि त्याने आपली हाडे आपण होऊन दिली. इथे ज्याचे द्यायचे तो बोलत नाही. द्यायला सांगायचे ते त्याच्या बापाला, जो सकाळी गावाहून एसटीने आला आहे आणि ज्याच्या हातात मुलाच्या चपलांची पिशवी आहे. आणि विचारायचे ते देवांनी नव्हे, चाळीस-पन्नास हजार पगाराच्या एका माणसाने. दानाच्या कथांतून देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला नाव असते. मागायला मधे जो उभा राहिला त्याला कुठेच नाव नाही. तो काय मागतो आहे हे त्याला माहीत असते. म्हणून तो आधी चहा सांगतो. माझ्या ओळखीचे एक अधीक्षक आहेत, ते म्हणत, "मृत्यूची बातमी आणि आपली मागणी यांच्यामध्ये निदान एक चहा पाहिजे. बातमी डॉक्टरांनी द्यावी आणि मागणी मी करावी. दोन्ही एका तोंडातून निघाल्या, की माणसाला वाटतं, आपला मुलगा यांनी मागणीसाठी मारला." तज्ज्ञांच्या पुस्तकांतही हेच लिहिले आहे, फक्त चहा नाही. ज्या दिवशी कुणी हो म्हणे, त्या दिवशी या गृहस्थांना घरी जेवण जात नसे. नाही म्हटले की झोप चांगली लागे. हे त्यांनी मला आठ वर्षांच्या ओळखीनंतर सांगितले.

एकदा एका समितीने मला बोलावले. आपल्याकडे मृत्यूनंतरचे अवयवदान इतके कमी का, यावर टिपण हवे होते. प्रश्न रास्त होता. दहा लाख लोकवस्तीमागे स्पेनमध्ये असे चाळीसहून अधिक दाते वर्षाला होतात. आपल्याकडे एकही भरत नाही, आणि मूत्रपिंडासाठी थांबलेली माणसे थांबूनच राहतात. समितीतल्या एका वजनदार गृहस्थांचे उत्तर आधीच तयार होते: लोकांची अंधश्रद्धा. पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल, मोक्ष मिळणार नाही, वगैरे. मी त्यांना माझ्या वह्यांतले सांगितले. धर्माची अडचण सांगणारी घरे मला भेटली, पण मोजकी; आणि त्यांतली काही नंतर तयारही झाली. नाही म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचे कारण एका बापाने एका वाक्यात सांगितले होते. "तीन दिवस आम्ही जिन्याखाली बसलो. पोरगं कसं आहे, कुणी सांगितलं नाही. विचारायला गेलो तर खेकसले. आज मात्र सगळे खुर्ची देतायत."

तो बाप ज्यांच्यावर रागावला होता त्यांनाही मी ओळखत होते. एकेका सिस्टरकडे नेमापेक्षा कितीतरी जास्त खाटा. छत्तीस तास उभा असलेला शिकाऊ डॉक्टर, ज्याला वाईट बातमी कशी द्यावी हे कुणी शिकवले नव्हते. तो खेकसला, कारण त्या बापापुढे उभे राहून सांगण्यासारखे चांगले काही नव्हते. माझा पहिला विषय आणि दुसरा विषय वेगळे नाहीत, हे मला तिथे, त्या समितीच्या काचेच्या टेबलाशी बोलता बोलता उमगले. स्पेनने १९८९ सालापासून जे केले त्यात जाहिरातीचा वाटा थोडाच. अतिदक्षता विभागातल्याच डॉक्टरांना हे काम नेमून दिले, आणि दुःखात असलेल्या माणसाशी कसे बोलावे ते शिकवले. त्यांच्या कायद्याने नातलगांना न विचारताही घेता येते. तरी ते विचारतातच. मी टिपणात लिहिले: आधी तीन दिवस बोला, मग चौथ्या दिवशी विचारा. समितीने आभार मानले. छापील अहवालात 'जनजागृतीची आवश्यकता' असे आले.

जिवंतपणी मूत्रपिंड देण्याची तऱ्हा निराळी. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ ताटात ओवाळणी घालतो. मूत्रपिंडाच्या खात्यात हा व्यवहार उलटा चालतो: देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त, बहिणी, आया आणि मुख्यतः बायको. देणाऱ्याला एकांतात विचारण्याची पद्धत आहे, कुणाचा दबाव तर नाही ना? एका बाईंनी मला सांगितले, "दबाव कुणाचा असायचा! पण नाही म्हणायला जागा कुठं होती?" कायद्याने जवळचे नातलग कोण ते मोजून दिले आहे, नवरा-बायको, आईवडील, मुले, भावंडे, आणि २०११ च्या दुरुस्तीपासून आजी-आजोबा व नातवंडे. सासू आणि सून त्यांत नाहीत; त्यांना एकमेकींना द्यायचे तर समितीपुढे जाऊन प्रेम सिद्ध करावे लागते. कायदा करणाऱ्यांना आपल्याकडची घरे चांगली ठाऊक असावीत. तरी अशा सासवाही झाल्या आहेत.

आई २०१८ च्या श्रावणात गेली, मिरजेच्या घरी, पहाटे चारला, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन. मी रात्रीच पोचले होते. डोळे सहा तासांच्या आत द्यावे लागतात, हे मला पाठ होते. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. आईने कुठल्या कागदावर सही केलेली नव्हती. माझा विषय तिला कधी आवडला नाही. "मेल्या घरी जाऊन मागायचं, ते आपल्याला नको," असे ती म्हणे. दादा तिच्या पायाशी बसून रडत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला म्हटले, चहा टाक.

दादाने कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "डोळे ना? तुझ्या हातात चहा बघितला तेव्हाच कळलं. तुझं ते पुस्तक मी वाचलंय." माझे पुस्तक घरात कुणी वाचले आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "आईला आवडलं असतं का?" मी गप्प राहिले. इतक्या लोकांना मी हा प्रश्न एकमेकांना विचारताना ऐकले होते. त्याचे उत्तर अभ्यासकाने द्यायचे नसते, आणि मुलीला ते माहीत नव्हते. तेव्हा दारातून वहिनी म्हणाली, "मोतीबिंदूच्या वेळी मला म्हणाल्या होत्या, या डोळ्यांना दोनदा पैसे पडलेत, जाळून टाकायला नकोत. मला वाटलं, थट्टा करतायत." दादाने पंखा बंद केला.

पाऊस होता, तरी तासाभरात एक तरुण मुलगा मदतनीस घेऊन आला. हात धुतले, आम्हांला बाहेर थांबायला सांगितले. मी दाराशीच राहिले. त्याने हरकत घेतली नाही. आईच्या चेहऱ्यावरचा कापूस काढून तो वाकला आणि म्हणाला, "आजी, जरा डोळे उघडतो हं."

वीस मिनिटांत त्याचे काम झाले. पापण्या पूर्वीसारख्या मिटलेल्या होत्या. रक्ताचा थोडा नमुना घेतला, अर्जावर दादाची सही घेतली, मोतीबिंदूचे साल विचारले. मी त्याला विचारले, तुम्ही नेहमी असे बोलता का? त्याला प्रश्न कळला नाही. "न बोलता हात कसा लावायचा?" म्हणाला, आणि पिशवी छत्रीखाली नीट धरून पायऱ्या उतरला. कुणाला देणार, ते सांगत नाहीत. दोघांना मिळतील एवढे म्हणाला होता. वहिनीने पंखा पुन्हा लावला. दादाचा चहा निवला होता, तो तिने तापवायला नेला.